मध्यपूर्व कुठून कुठपर्यंत?

अध्यक्षमहोदय आणि मंडळी,

पत्रिकेत आजचा विषय 'खंडांच्या सांध्यावरचे प्रदेश' असा छापलाय. मी बोलणार आहे मुख्यतः एकाच प्रदेशाबद्दल, मध्यपूर्वेबद्दल. शेवटी माझं एक म्हणणं मांडायचं आहे: आपला कोकण किनारा ज्या प्रदेशाचा भाग आहे, तो आशिया आणि आफ्रिका या दोन्ही खंडांवर पसरलेला आहे. ते नीट पटावं म्हणून आधी थोडी पार्श्वभूमी.

निदान खंड तरी पक्के असतात, असं आपण धरून चालतो. इजिप्त आफ्रिकेत, एवढं लिहिलं की शाळेत गुण मिळतात. पण सुएझ कालवा ओलांडला की इजिप्तचंच सिनाई लागतं आणि ते मोजतात आशियात. तुर्कस्तानची जेमतेम तीन टक्के जमीन युरोपात आहे, आणि इस्तंबूलची माणसं रोज सकाळी बोस्फरस ओलांडून दुसऱ्या खंडात कामाला जातात. जुन्या ग्रीकांच्या लेखी युरोप डॉन नदीपाशी संपत होता. अठराव्या शतकात रशियाचा तातिश्चेव्ह आणि स्वीडनचा स्ट्राहलेनबर्ग यांनी ती हद्द उरल पर्वतावर नेऊन ठेवली. म्हणजे युरोप शेकडो मैल पूर्वेला सरकला. नदी आणि डोंगर होते तिथेच होते! रशियाला युरोपात जागा हवी होती, म्हणून रेघ सरकली.

नकाशासंग्रहांबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. आशियाचं पान उघडा. अरबस्तान रंगवलेलं असतं, तांबडा समुद्र असतो, आणि त्याच्या पलीकडे नुसता फिकट पिवळा पट्टा. ना गाव, ना नदी. आफ्रिकेच्या पानावर नेमकं उलट. तिथे नाईल असते, मसावा बंदर असतं, पण समोरचं येमेन कोरं. बाब-एल-मांदेबच्या सामुद्रधुनीचे दोन काठ तीसएक किलोमीटरवर आहेत. या काठावरून त्या काठावर माणसं होडीने जातात. आपल्या मुलांना मात्र हे दोन काठ एका पानावर कधी दिसत नाहीत. प्रदेश खंडांत कापून छापले की तिथल्या माणसांचे संबंधही कापले जातात, आणि मग सुदानात किंवा येमेनमध्ये काही घडलं की ते का घडलं हे आपल्याला उलगडत नाही.

आता मध्यपूर्व. हा प्रदेश पहिल्यांदा आखला कोणी? अमेरिकेचे आरमारी विचारवंत आल्फ्रेड महान यांनी १९०२ साली लंडनच्या एका नियतकालिकात इराणच्या आखातावर लेख लिहिला आणि त्यात हा शब्द वापरला. हद्द मात्र त्यांनी सांगितली नाही. ते काम लंडनच्या 'टाइम्स'च्या एका बातमीदाराने केलं. त्याचं नाव व्हॅलेंटाइन चिरोल.

नाव ऐकताच पुढच्या रांगेतली मंडळी सावरून बसली. बरोबर, तोच चिरोल. लोकमान्य मंडालेच्या तुरुंगात असताना १९१० साली ज्याने हिंदुस्थानातल्या अशांततेवर पुस्तक लिहून त्यांच्यावर वाटेल ते आरोप केले, तो. लोकमान्यांनी त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. त्यासाठी साठी उलटल्यावर, मधुमेहाने पोखरलेल्या शरीराने, १९१८ साली ते विलायतेला गेले. १९१९ च्या जानेवारीत खटला उभा राहिला. त्यांच्या बाजूने सर जॉन सायमन, चिरोलच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन. निकाल लोकमान्यांच्या विरुद्ध गेला आणि खर्चाचा डोंगर अंगावर आला. महाराष्ट्राने वर्गणी काढून तो भार उचलायला हात लावला. परतल्यावर वर्षभराच्या आत लोकमान्य गेले. या खटल्याबद्दल वाचताना मला आजही राग येतो, आणि तो आवरावा असं मला वाटत नाही.

या माणसाने त्याआधी, १९०२-०३ मध्ये, मध्यपूर्वेच्या प्रश्नावर 'टाइम्स'मध्ये लेखमाला लिहिली होती. तिचंही पुढे पुस्तक झालं आणि त्याच्या उपशीर्षकातच हिंदुस्थानच्या संरक्षणाचा उल्लेख आहे. आशियाचे जे भाग हिंदुस्थानच्या सीमेला भिडतात किंवा हिंदुस्थानकडे येणाऱ्या वाटा ज्यांच्या हातात आहेत, ते सगळे त्याच्या लेखी मध्यपूर्व. म्हणून त्यात इराण होतं, आखात होतं, अफगाणिस्तान होतं, आणि लक्ष देऊन ऐका, तिबेटही होतं! इजिप्त नव्हतं. प्रदेशाच्या मध्यभागी हिंदुस्थान होता आणि तो हिंदुस्थान इंग्रजांच्या ताब्यात ठेवायचा होता. त्यासाठीचा हा बाहेरचा कोट. चिरोलने लोकमान्यांना काय म्हटलं हे आपण पाठ केलं. त्याने आखलेला नकाशा मात्र आपण रोजच्या बातम्यांत वापरतो आणि तो कोणाचा हे विचारतही नाही.

मग त्यात इजिप्त आलं कुठून? पहिल्या महायुद्धानंतर, १९२१ मध्ये, चर्चिल यांनी वसाहत खात्यात मध्यपूर्वेचा विभाग उघडला आणि त्याच्याकडे इराक-पॅलेस्टाइन दिलं. १९३९ मध्ये ब्रिटिश फौजांच्या मध्यपूर्व कमांडचं ठाणं कैरोला बसलं. कचेरी कैरोत, म्हणून मध्यपूर्वेचं केंद्रही कैरोत. १९४१ मध्ये आपल्या मराठा पलटणीची पोरं एरिट्रियातल्या केरेनच्या कड्यांवर लढली. ती भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणे आफ्रिकेत लढली आणि लष्करी कागदांप्रमाणे मध्यपूर्वेत.

कचेरीप्रमाणे प्रदेश बदलतो, हे आजही तसंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'पूर्व भूमध्य' विभागात पाकिस्तान आहे, म्हणजे कराची भूमध्य समुद्राकाठची ठरते. इस्राएल त्याच संघटनेच्या युरोप विभागात. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत इराण आपल्याबरोबर दक्षिण आशियात, तर सायप्रस पश्चिम आशियात. तोच सायप्रस २००४ पासून युरोपीय संघाचा सभासद आहे, आणि मोरोक्कोने १९८७ मध्ये युरोपीय समुदायाकडे अर्ज केला तेव्हा 'तुम्ही युरोपात नाही' म्हणून तो परत गेला. आपलं परराष्ट्र मंत्रालय 'पश्चिम आशिया' म्हणतं, पण इराणचं काम तिथे पाकिस्तान-अफगाणिस्तानच्या विभागात चालतं. यातलं प्रत्येक वर्गीकरण आपापल्या कामापुरतं उपयोगाचं आहे. माझी हरकत एवढीच, की ते कोणाच्या कामासाठी केलं हे सांगितलं जात नाही.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली. ज्यासाठी उभा राहिलो ते आता भराभर सांगतो.

माझं म्हणणं असं, की आपल्या बाजूचा खरा प्रदेश वाऱ्याने आखलेला आहे. हिवाळ्यात ईशान्येचा वारा सुटला की गलबतं अरबस्तानातून आणि आपल्या किनाऱ्यावरून आफ्रिकेकडे निघत आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर, जूनचं तुफान सुरू व्हायच्या आत, परत येत. एका मोसमात जिथवर जाऊन परतता येतं, तिथवर एक प्रदेश. ही कसोटी कोणाच्या कचेरीवर अवलंबून नाही.

पुरावे हवेत? मूळचे आफ्रिकेतले जंजिऱ्याचे सिद्दी घ्या. मलिक अंबर घ्या, जो हबसाणातून, म्हणजे आजच्या इथिओपियातून, येमेनचं मोखा बंदर, बगदाद करत निजामशाहीत आला आणि ज्याची नहर औरंगाबादकरांना माहीत आहे. येमेनच्या किनाऱ्यावरचं एडन १८३९ ते १९३२ मुंबई इलाख्यात होतं. समोरचं ब्रिटिश सोमालीलँडही १८९८ पर्यंत हिंदुस्थान सरकारच्या कारभारात. आज पाकिस्तानात असलेलं ग्वादर बंदर १९५८ पर्यंत ओमानच्या सुलतानाचं आणि झांजिबारच्या गादीवर त्याच घराण्याची शाखा. पूर्व आफ्रिकेत १९२० पर्यंत रुपया चालत होता. आखातासाठी तर रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये वेगळ्या नोटा काढल्या. कुवेतने १९६१ मध्ये आपलं चलन आणलं, ओमानने १९७० मध्ये. रत्नागिरी-रायगडची माणसं मस्कत-दुबईला गेली ती काही अनोळखी मुलखात गेली नाहीत.

यावर कोणी म्हणेल, इराकच्या बसऱ्याला मोसमी पाऊस पडतच नाही, मग ते तुमच्या प्रदेशात कसं? पावसावर मी हद्द ठरवतच नाही. बसऱ्याचा खजूर त्याच वाऱ्यावर मुंबईला येत होता, म्हणून बसरा आत. उत्तरेला सुएझ बाहेर, कारण तांबड्या समुद्राच्या वरच्या अर्ध्या भागात वारा जवळजवळ वर्षभर उत्तरेचाच असतो आणि आपली गलबतं जेद्दाच्या पुढे सहसा जात नसत. दक्षिणेला टांझानियातलं किल्वा. त्याच्या खाली उतरलं, की एका मोसमात परत येण्याचा भरवसा राहत नाही. तिथे माझी हद्द संपते.