वसंताचा कचरा

(इंदूरमधल्या बागप्रेमींसमोर फाल्गुनात झालेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ‘वसंतात फुलणारी झाडं आणि घरच्या बागेतली कामं’. वेळ दिलीय पाऊण तास, पाठोपाठ साबुदाण्याची खिचडी. वास इथवर आलाय, तेव्हा माझी गाठ कोणाशी आहे ते मला कळतंय.

फुलांची यादी तुम्हाला मी काय सांगू? महूच्या पुढे मानपूरकडे गाडी काढलीत की पळस दिसतो, काटेसावर दिसते, नशीब असेल तर पांगाराही. घराजवळ कांचन आहे, आणि हल्ली बंगल्याबंगल्यांतून दक्षिण अमेरिकेतला पिवळा टॅबेबुया. पण एक आठवून पाहा. पळस, सावर, पांगारा ऐन बहरात असतात तेव्हा अंगावर जवळजवळ पान नसतं. यात झाडाचा हिशेब आहे. ही फुलं मुख्यतः पक्ष्यांसाठी. मैना, बुलबुल, कावळे, शिंजीर यांना पानांचा आडोसा नसला की लांबून दिसतं आणि बसायलाही सोपं पडतं. शिवाय आत्ता फुललं तर पळसाच्या शेंगा मे-जूनपर्यंत पिकतात, बी जमिनीवर पडतं आणि लगेच पाऊस येतो. उशीर परवडत नाही. आपण म्हणतो पळसाला पानं तीन, पण फाल्गुनात त्या बिचाऱ्याकडे तीही नसतात! (मागे कोणी हसलं नाही. माइक जरा वाढवा हो.)

तर मुद्दा असा, की माळव्यातला वसंत पानगळीचा हात धरून येतो. पिंपळ, कडुनिंब, शिसव, सगळ्यांची झड याच दिवसांत. अंगणात रोज नवा ढीग. आणि इथे माझी जुनी तक्रार सुरू होते. घरच्यांनी बजावलं होतं की ती आज काढायची नाही, पण ते आज आलेले नाहीत.

आमच्या कॉलनीत एक समिती आहे. नाव सांगत नाही, उद्या पाणी बंद व्हायचं. दर फाल्गुनात तिची नोटीस लागते: ‘ज्यांच्या झाडांचा कचरा रस्त्यावर पडतो त्यांनी तत्काळ व्यवस्था करावी.’ झाडांचा कचरा! दुधाच्या पिशव्यांबद्दल अशी नोटीस मी पाहिलेली नाही. मग सकाळी पिंपळाखाली झाडू, दुपारी झाडू, आणि संध्याकाळी कोणीतरी हळूच काडी ओढतो. आपलं शहर २०१७पासून स्वच्छतेत देशात पहिलं आणि कोपऱ्यावर पानांचा धूर. गेल्या बैठकीत तर ठराव आला, की यापुढे ‘पानं न गाळणारी’ झाडंच लावावीत. म्हणून आले कोनोकार्पस. गुजरातने २०२३मध्ये ज्याच्या लागवडीवर बंदी घातली, ते. सदाहरित म्हणजे पानं न गाळणारं झाड, ही समजूत कुठून आली कोण जाणे. सदाहरित झाडही गाळतं, फक्त वर्षभर थोडं थोडं. पानं मुळीच नको असतील तर प्लास्टिकचं लावा, असं मी म्हणालो. तेव्हापासून मला बैठकीची वेळ कळवत नाहीत.

हे दुसऱ्या गावात झालं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण हे इंदुरात! जगभरच्या शेतीच्या पुस्तकांत कंपोस्टची एक पद्धत ‘इंदूर पद्धत’ म्हणून शिकवतात, हे इथे किती जणांना माहीत आहे? हात वर करा. ...बरं, कृषी महाविद्यालयातून निवृत्त झालेल्यांनी खाली करा.

त्याच महाविद्यालयाच्या जागेवर १९२४मध्ये अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ आले, बिहारमधल्या पुसाहून. काम कापसाचं होतं, पण लक्ष गेलं मातीकडे. चीनमधल्या शेतकऱ्यांची रीत आणि आपल्याकडचं शेण, मूत, राख, पाला यांची सांगड त्यांनी घातली. सोबत रसायनाची बाजू सांभाळणारे होते यशवंत वाड. आडनाव ऐकून पहिल्या रांगेत कान टवकारले गेले, दिसलं मला. १९३१ साली या पद्धतीचं पुस्तक निघालं, त्यावर दोघांचंही नाव आहे. खरं तर आपण वाडांचंही नाव घ्यायला हवं, पण घेतो फक्त साहेबाचं. मला त्यांची आवडलेली युक्ती म्हणजे पऱ्हाट्या. कापसाच्या वाळक्या काड्या लवकर कुजत नाहीत, तर त्या शेतातल्या रस्त्यावर पसरायच्या आणि बैलगाड्यांना वरून जाऊ द्यायचं. चुरा झाला की खड्ड्यात. दळण फुकट! १९३५मध्ये गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले, तेव्हा तेही हे काम पाहून गेले.

आता कोणी म्हणेल, देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा मोठा बायो-सीएनजी प्लांट आहे, रोज ५५० टन ओला कचरा पचवायची क्षमता, पानं तिकडे पाठवा. त्याला हवं तुमच्या स्वयंपाकघरातलं. वाळक्या पानातलं लिग्निन, म्हणजे त्याला कडकपणा देणारं द्रव्य, हवेवाचून कुजतच नाही म्हटलं तरी चालेल. पानाची जागा अंगणातच.

चिठ्ठी आलीय, ‘दहा मिनिटं’. म्हणजे कामांचा भाग आता धावत.

पान गाळण्याआधी झाड त्यातला बराचसा नायट्रोजन परत ओढून घेतं, आपल्या हाती उरतो मुख्यतः कर्ब. म्हणून नुसता पाला वर्षभर तसाच पडून राहतो. त्याला शेण द्या. तीन फूट लांब, तितकाच रुंद आणि उंच असा जाळीचा किंवा विटांचा हौद करा, यापेक्षा लहान ढीग तापत नाही. वीतभर पाला, वर शेणकाला, मूठभर माती आणि राख, पुन्हा पाला. पिंपळाची, आंब्याची पानं आधी चुरडून घ्या. मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा पण पाणी टपकू नये, इतकीच ओल. तीन वेळा खालीवर केलं की साधारण तीन महिन्यांत खत. आज भरलात तर पहिल्या पावसाच्या लागवडीला तयार.

जागा नसेल तर झाडांच्या आळ्यात दोन-तीन इंच आच्छादन करा, आपली काळी माती उन्हात भेगाळते ती वाचेल. बुंध्याला टेकवू नका, चार बोटं मोकळी ठेवा. कच्चा पाला कुंडीच्या मातीत मिसळू नका. तो कुजताना नायट्रोजन खातो आणि रोप पिवळं पडतं.

मोगरा छाटायचा राहिला असेल तर या आठवड्यात हलका छाटा, खत द्या, मग भरपूर पाणी. कढीपत्ताही छाटा. भेंडी, गवार, दुधी, दोडका पेरून टाका. शेवंती जमिनीपासून चार बोटांवर कापा, बुडाशी आलेले फुटवे पावसापर्यंत अर्ध्या सावलीत जपा. लिंबाला आंबेबहार, म्हणजे या दिवसांतला फुलोरा, धरलाय, मुळांशी खणू नका. आंब्याचा मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक मारू नका, परागीकरण करणाऱ्या माश्याच मरतील. भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, दिसली तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, ऊन तापायच्या आत. कैऱ्या वाटाण्याएवढ्या झाल्या की पाणी नियमित.

गुलाबाबद्दल हात वर आलाय काकूंचा. काकू, आत्ता फक्त सुकलेली फुलं काढा. मोठी छाटणी ऑक्टोबरात, तेव्हा बोलवा मला.