नऊनं भागते का बघ

नमस्कार मंडळी. मला भाषण येत नाही, मी आकड्यातला माणूस, त्यामुळं इकडंतिकडं झालं तर सांभाळून घ्या. अण्णांना जाऊन वर्ष झालं आणि त्यांच्या थोरल्या लेकीनं फोन करून सांगितलं की दादा, दुकानातले अण्णा तुम्हीच सांगा, घरातले आम्हाला माहितेत. बरं.

मी कोल्हापुरात शाहूपुरीतल्या गुळाच्या अडत दुकानात कामाला लागलो तेव्हा अण्णा तिथं दिवाणजी, म्हणजे हिशेब लिहिणारे होते. किर्द म्हणजे रोजच्या नोंदींची वही, खतावणी म्हणजे ज्याच्या त्याच्या खात्याची, सगळं हातानं. १९८९ पासून आयकरासाठी सगळ्यांचंच वर्ष ३१ मार्चला संपायला लागलं, त्याआधीचं दिवाळी ते दिवाळी वर्ष त्यांनी बघितलेलं, म्हणून पाडव्याला वहीपूजन आणि मुहूर्ताचे सौदे झाले की ते म्हणायचे, "आपलं वर्ष आज सुरू झालं, सरकारचं होईल सावकाश."

पहिल्याच मार्चला तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांची जमा आणि नावे बाजूची बेरीज, जुळेना. फरक २७० रुपये. रात्रीचे साडेनऊ, सगळे कंटाळलेले, मी म्हटलं अण्णा सस्पेन्सला टाकूया की, न जुळणारी रक्कम तात्पुरती ठेवायचं खातं असतं ते, नंतर बघू. त्यांनी चष्मा काढला. "नऊनं भागते का बघ मर्दा." भागत होती. तर म्हणे आकडा उलटापालटा लिहिलायस कुठंतरी, शेजारशेजारचे दोन अंक अदलाबदल झाले की फरक नऊनं भागतोच. आणि भागला नाही तर निम्मा करून शोधायचा, रक्कम जमेऐवजी नावे पडलेली असते. कॉलेजात मला हे कुणी सांगितलं नव्हतं, सांगितलं असेल तर मी नव्हतो त्या दिवशी. पावणेअकराला सापडलं. एका शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या मालाचा हिशेब, हमाली तोलाई वजा जाता ५,७४२ निघत होते, मी खात्याला ५,४७२ जमा केलेले. "आणि हे तू सस्पेन्सला टाकणार होतास," एवढंच बोलले. मला त्यापेक्षा शिव्या चालल्या असत्या.

आता हाच माणूस ३१ मार्चला सुद्धा आठ वाजता सायकल काढून मंगळवार पेठेत घरी जेवायला जायचा आणि पोरांना झोपवून परत दुकानात. मालक चिडायचे. ह्यांचं उत्तर ठरलेलं, जेवायला घरी नाही तर हिशेब कुणासाठी लिहायचा. तसे तिरसट होते हां, उगाच देवमाणूस करायला नको, माझं कार्बन पेपर वाया घालवणं त्यांनी वीस वर्षं काढलं. २०१७ ला जीएसटी आला तेव्हा टॅली शिकले माझ्याकडून, पण कॉम्प्युटरनं केलेली बेरीज परत कागदावर करून बघायचे.

२०१९ च्या महापुरात दुकानात पाणी शिरलं. त्या आधीच काकींना, अण्णांच्या बायकोला, अर्धांगवायू झालेला. वह्या माळ्यावर टाकल्या आणि अण्णा म्हणाले आता मी येत नाही, घरी काम आहे. बास, तिथून नोकरी संपली. स्वयंपाक, औषधं, काकींची वेणीसुद्धा. वेणी वाकडीच यायची म्हणे.

लेकीनं गेल्या महिन्यात मला त्यांची घरची वही दिली. लाल कापडी बांधणीची, आमच्या दुकानातली असते तसलीच. नावे बाजूला दूध, फिजिओथेरपी, रिक्षा. आणि जमेला, म्हणजे पगार नाही हं आता, पेन्शन तर कसली, तर जमेला लिहिलंय 'पावलं ३'. दुसऱ्या दिवशी 'पावलं ३'. मग ५. मग एक दिवस शून्य आणि शेजारी बारीक अक्षरात 'आज रुसली'. पानाखाली महिन्याची बेरीज.

मी त्यांचाच चेला, बेरजा तपासल्या. एका पानावर ४६ यायला पाहिजेत तिथं ६४ लिहिलंय. १८ चा फरक. नऊनं भागतो!

काकींना दाखवलं तर हसल्या, म्हणाल्या मग दुरुस्त कर की. पण अण्णांच्या वहीत खाडाखोड चालायची नाही, चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ, वर बरोबर आकडा आणि शेजारी लिहिणाऱ्याची सही. आता सही कुणाची घेऊ? तसंच ठेवलंय. वही माझ्या पिशवीत आहे काकी, जाताना देतो.