प्रीनला जाताय? तिकिटावरची वेळ बोटीची नाही, राजवाड्याची आहे!

नमस्कार मंडळी! म्युनिकहून एका दिवसाची सहल, या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट्स प्रीनच्याच आहेत. म्हणून आज प्रीन.

प्रीन आम कीमझे. जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यातला सगळ्यात मोठा तलाव म्हणजे कीमझे, जवळपास ८० चौरस किलोमीटर. त्याच्या पश्चिम काठावरचं हे गाव. म्युनिक–साल्झबुर्ग मार्गावरची रीजनल गाडी पकडा, तासाभरात पोचाल. बायर्न-तिकीट, म्हणजे बव्हेरियाभर चालणारं एका दिवसाचं रेल्वे तिकीट, चालतं, सोमवार ते शुक्रवार मात्र सकाळी ९ नंतरच. झालं, पुढे.

खरा घोळ इथे होतो. ज्यासाठी लोक प्रीनला येतात, तो बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याचा हेरेनकीमझे राजवाडा प्रीनमध्ये नाही! तो हेरेनइन्झेल या बेटावर आहे आणि ते बेट प्रीनच्या हद्दीतही येत नाही, कीमझे नावाची वेगळीच चिमुकली नगरपालिका आहे. आत मोकळं हिंडता येत नाही, गाइडबरोबरच जायचं. तुमच्या तिकिटावर १ वाजताची वेळ असेल, तर १ वाजता तुम्ही राजवाड्याच्या दारात हवे. धक्क्यावर नाही, बोटीत नाही. दारात.

उलटं मोजा. बेटावरच्या धक्क्यापासून राजवाड्यापर्यंत झाडीतून वीसेक मिनिटं चाल. त्याआधी बोटीची पंधरा मिनिटं. त्याआधी बोटीची वाट बघणं. आणि प्रीन स्टेशन ते बोट सुटते तो श्टॉकचा धक्का, जवळपास दोन किलोमीटर. म्हणजे १ ची वेळ असेल तर सव्वाअकराला प्रीन स्टेशनवर उतरा. साडेबाराला उतरून ‘धावत गाठू’ म्हणणाऱ्यांनो, तलावावरून कसे धावणार?

माझी मावशी नागपूरहून आली होती. गुडघे दुखतात म्हणून हंगामात बेटावर चालणाऱ्या घोडागाडीचा बेत आधीच ठरलेला. पण स्टेशनबाहेर तिला कीमझेबान दिसली, १८८७ सालची वाफेची छोटी गाडी, हिरवे डबे. मावशीने इंजिनाचे इतके फोटो काढले की गाडी गेली, बोट गेली, राजवाड्यातली गाइडबरोबरची आमची वेळही गेली. ही गाडी उन्हाळ्यातच धावते, तेव्हा आधी वेळापत्रक बघा. राजा १८८६ मध्ये वारला, काही आठवड्यांतच राजवाडा लोकांसाठी उघडला आणि गर्दी इतकी लोटली की तिला धक्क्यापर्यंत न्यायला ही रेल्वे टाकली.

लुडविगने हा राजवाडा फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजवाड्यावरून बेतला. ‘व्हर्साय पाहिलंय, मग ही नक्कल कशाला?’ ही कमेंट मला दर महिन्याला येते. अहो, व्हर्सायमधला राजदूतांचा जिना १७५२ मध्येच पाडला. लुडविगने जुन्या चित्रांवरून तो इथे पुन्हा बांधला. म्हणजे जे व्हर्सायला उरलं नाही, ते या बेटावर आहे! आणि दुसऱ्या बाजूचा जिना बघाच. नुसत्या उघड्या विटा, कारण पैसे संपले आणि राजाही गेला. १८७८ मध्ये पाया घातला, आणि राजा इथे राहिला जेमतेम काही दिवस. मला तो विटांचा जिना आरसेमहालापेक्षा जास्त आवडतो. बोला काय बोलायचं ते. आत फोटो काढायला मनाई आहे, हेही दर वेळी विचारता. २०२५ पासून हा राजवाडा युनेस्कोच्या यादीत आहे, त्यामुळे तिकीट आधीच काढा.

बेटावरचा जुना मठ मात्र लोक सर्रास टाळतात. १९४८ च्या ऑगस्टमध्ये तिथे बसून तज्ज्ञांनी पश्चिम जर्मनीच्या राज्यघटनेचा मसुदा तयार केला. सोन्याच्या मुलाम्यापुढे कोण बघतंय त्याच्याकडे!

वेळ उरला तर त्याच बोटीने फ्राउएनइन्झेल या शेजारच्या बेटावर जा. आठव्या शतकातला जोगिणींचा मठ, मोटारी अजिबात नाहीत, आणि धुरावलेला रेन्के मासा. मासे खाणाऱ्यांनी तो सोडू नये. पोरं बरोबर असतील तर प्रीनलाच काठावर प्रीनावेरा नावाचा जलतरण तलाव आहे, पाऊस आला तरी अडत नाही.

आणि स्वतः होडी भाड्याने घेणार असाल तर काठावरचे नारिंगी दिवे बघा. मिनिटाला ४० वेळा लुकलुकले तर जोराचा वारा येतोय, ९० वेळा लुकलुकले तर वादळ. डोंगरातून वारा उतरला की पाणी बघता बघता खवळतं. मोजत बसू नका, दिवा लुकलुकताना दिसला की होडी काठाला लावा.

पुढच्या वेळी बोडेनझे हा दुसरा तलाव. तिथलं बोटींचं वेळापत्रक याहून डोकेदुखीचं आहे.