करवत कुठे लावायची

मंडळी, तुम्ही ज्या चिंचेखाली गाड्या लावून आलात, ती जाताना जरा थांबून बघा. दोन पुरुष उंचीवर, रस्त्याच्या अंगाला एक जुना काप आहे. त्याच्याभोवती सालीची जाड, गोल कड चढली आहे, अगदी अंगठीसारखी. तो काप कुणी घेतला ते आज कुणालाच ठाऊक नाही, पण त्या माणसाला काम येत होतं. आज मी झाडं छाटण्याच्या आणि सांभाळण्याच्या या कामाबद्दल आणि ते करणाऱ्या माणसांबद्दल बोलणार आहे.

परदेशात अशा माणसाला आर्बोरिस्ट म्हणतात. लॅटिनमध्ये आर्बर म्हणजे झाड. वनाधिकारी जंगल सांभाळतो, माळी बाग सांभाळतो आणि आर्बोरिस्ट एकेका झाडाकडे बघतो. अमेरिकेत त्यांची संघटना 1924 साली सुरू झाली आणि 1992 पासून ती परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते. चढणाऱ्याचं प्रमाणपत्र वेगळं, विजेच्या तारांजवळ काम करणाऱ्याचं वेगळं, शहराची झाडं सांभाळणाऱ्याचं वेगळं. आपल्या शहरांत या सगळ्यांना मिळून एकच नाव आहे, झाड तोडणारा. मला याचं फार वाईट वाटतं, कारण आपल्याकडे हे कसब नव्हतं असं मुळीच नाही.

माझं लहानपण कोकणात गेलं. आमच्या वाडीत माडावर चढायला पाडेली यायचे. आम्ही मुलं त्यांना तात्या म्हणायचो. पायात दोराचा वेढा, कमरेला कोयता. नारळ पाडून झाले तरी तात्या लगेच उतरत नसत. वर बसून शेंडा साफ करायचे, वाळलेल्या झावळ्या काढायचे आणि कोवळ्या सुईशेजारी भोक दिसलं की लोखंडी आकडी घालून गेंड्या भुंगा बाहेर ओढायचे. खाली येऊन आजोबांना सांगायचे, "विहिरीकडचा तिसरा माड बघा, सोंड्याचं लक्षण आहे." सोंड्या म्हणजे माडाचं खोड आतून पोखरणारा दुसरा भुंगा. आम्हाला वाटायचं, हा माणूस नारळ पाडायला आलाय. प्रत्यक्षात तो दर फेरीला अख्ख्या वाडीची तपासणी करून जात होता. आणि तात्यांनी माडाला चढण्यासाठी खाचा कधी पाडल्या नाहीत. माडाचं खोड आंब्या-फणसासारखं वर्षागणिक जाड होत नाही, त्याला पडलेली खाच आयुष्यभर उघडीच राहते. ओल्या जखमेच्या वासावर सोंड्या येतो आणि तिथे अंडी घालतो. हे शास्त्र मी नंतर पुस्तकात वाचलं. तात्यांचा हात ते आधीपासून पाळत होता.

आंब्या-वडासारख्या झाडांची गोष्ट वेगळी आहे, आणि ती नीट कळली अ‍ॅलेक्स शिगो या माणसामुळे. ते अमेरिकेच्या वनखात्यात शास्त्रज्ञ होते. 2006 साली वारले. त्यांच्या आधीचे लोक खोड आडवं कापून आत बघायचे. शिगोंच्या हाती चेनसॉ आली आणि त्यांनी हजारो झाडं उभी चिरली. तेव्हा दिसलं, की आपली कातडी जशी भरून येते तशी झाडाची जखम भरत नाही. झाड ती कोंडून टाकतं. कुजकी जागा आत तशीच राहते. झाड तिच्याभोवती भिंती उभारतं आणि बाहेरच्या बाजूने नवं लाकूड वाढवत पुढे जातं. म्हणजे तुम्ही पन्नास वर्षांपूर्वी केलेला वार आजही त्या झाडाच्या पोटात आहे.

एवढं समजलं की करवत कुठे लावायची ते समजतं. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर वळी असते. आम्ही तिला कॉलर म्हणतो. हात फिरवला तर बोटांना लागते. भिंत उभारण्याची सगळी ताकद त्या वळीत असते. खोडाला अगदी घासून कापलं तर वळीच जाते. हातभर खुंट ठेवला तर तो वाळतो, कुजतो आणि कूज खोडात घेऊन जातो. काप घ्यायचा तो वळीच्या किंचित बाहेर. तोही एका दमात नाही. आधी खोडापासून हातभर अंतरावर फांदीच्या खालून थोडी चीर द्यायची. मग त्याच्या जरा पुढे वरून कापायचं, की वजनदार भाग तिथून मोडून पडतो. उरलेला खुंट हातात धरून शेवटचा काप. खालची चीर टाळली तर फांदी पडताना खोडाची साल कमरेपर्यंत सोलत नेते. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी रस्त्यावर तसं सोललेलं झाड पाहिलं असेल. कापावर डांबर किंवा ऑइलपेंट फासू नका. त्याने कूज थांबत नाही. ढोलीत सिमेंटही भरू नका. अमेरिकेत एके काळी ते सर्रास करायचे, पुढे त्यांनीच सोडून दिलं.

आता वर चढणाऱ्याइतकाच महत्त्वाचा असतो खालचा माणूस. त्याचा फोटो कुणी काढत नाही. घरावर आलेली फांदी सोडायची असेल तर ती दोराने बांधतात आणि दोराचं दुसरं टोक खोडाला दोन-तीन वेढे देऊन खालच्याच्या हातात असतं. दोनशे किलोची फांदी त्या वेढ्यांच्या घर्षणावर तो इंचाइंचाने उतरवतो. एक वेढा कमी पडला तर कौलं गेली, जास्त झाला तर झटका वर बसलेल्याला बसतो. मी वर असताना खाली कोण आहे, हे पाहिल्याशिवाय मी दोर बांधत नाही.

तारांखाली काम करणाऱ्यांची अडचण निराळी असते. झाड मधोमध भुंडं करणं सोपं, पण मग त्याच जागी दहा-पंधरा नवे फोक फुटतात आणि सरळ तारेत शिरतात. जाणकार माणूस तारेकडची फांदी मागे नेऊन, तारेपासून दूर जाणाऱ्या एखाद्या फाट्यापाशी कापतो. झाडालाच दिशा देतो. मग दर पावसाळ्याआधी तेच काम करावं लागत नाही.

आणि शेवटी येतो तो, ज्याच्या हाती बहुतेक वेळा करवत नसतेच. तो नुसतं बघतो. महाराष्ट्रात 1975 पासून शहरी झाडांसाठी कायदा आहे, वृक्ष प्राधिकरण आहे, परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं आणि त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि तोडलंच तर त्याच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात. पण अर्जात "झाड धोकादायक आहे" असं लिहिलेलं असतं, ते खरं की खोटं हे सांगणार कोण? त्यासाठी हा माणूस लागतो. तो लाकडी हातोडीने खोड ठोकत फिरतो. भरीव जागी आवाज कोरडा, टणक येतो आणि पोकळ जागी ढोलकीसारखा घुमतो. बुंध्याशी अळंबी उगवली आहे का, मुळांजवळची माती उचलली आहे का, हे बघतो. पोकळ झाड म्हणजे पडणारं झाड, असं नसतं. पाइपसुद्धा पोकळच असतो. ढोबळ हिशेब असा, की खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश जाडीची भरीव भिंत सगळीकडून शाबूत असेल, तर नुसत्या पोकळीपायी घाबरायचं कारण नाही. साठ सेंटिमीटर त्रिज्येला वीसेक सेंटिमीटर झाले. मला जास्त भीती वाटते ती बुंध्यापर्यंत ओतलेल्या काँक्रीटची आणि गटारासाठी तोडलेल्या मुळांची. झाडाची बहुतेक मुळं वरच्या हात-दीड हात मातीतच असतात. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीत झाडांभोवतीची एक मीटर जागा मोकळी करायला सांगितलं, ते याचसाठी.

आमच्या सोसायटीत एक वर्षावृक्ष होता. म्हणजे आहे. सात वर्षांपूर्वी मी गावाला गेलो असताना एका ठेकेदाराने तो पावसाळ्याआधी शेंड्यापासून भुंडा केला. एका वर्षात पाव हिश्श्याहून जास्त पालवी काढू नये असा संकेत आहे, इथे सगळीच गेली. त्या वर्षी फुटलेले फोक आज मांडीएवढे जाड आहेत, पण ते कुजक्या खुंटांच्या कडेला नुसते चिकटल्यासारखे आहेत. गेल्या वर्षी त्यातला एक वाऱ्याशिवाय, भर दुपारी, मुलांच्या घसरगुंडीशेजारी पडला. लोक म्हणाले, झाडच काढून टाका. मी दोन दिवस दोर लावून वर राहिलो, प्रत्येक फोक तपासला. कमकुवत होते ते वजन उतरवून आखूड केले, चांगल्या जागी बसलेले चार ठेवले. हे काम एकदा करून भागत नाही, आणखी दोन-तीन हंगाम लागतील.

यंदाची फेरी मात्र अजून बाकी आहे. सध्या त्याच फोकांवर ढोकरीची घरटी आहेत, सकाळी पिल्लांचा कलकलाट चालू असतो. पिल्लं उडाली की दिवाळीनंतर चढायचं ठरवलं आहे. खाली दोर धरायला कुणाला यायचं असेल, तर व्याख्यान संपल्यावर मला भेटा.