स्लॅकलाइन आवळायची कशानं?

नमस्कार श्रोतेहो. जळगाव-धुळे-नंदुरबारकडे मळ्याच्या बांधावर किंवा शाळेच्या मैदानात आठ मीटर अंतरावर दोन जाडजूड कडुनिंब असले, की स्लॅकलाइनची, म्हणजे दोन झाडांमध्ये बांधून तोल सांभाळत चालायच्या सपाट पट्टीची, निम्मी तयारी झालीच. डोंबाऱ्याचा दोर ताठ असतो, ही पट्टी मात्र पावलाखाली लवते, डोलते. मग ती आवळायची कशानं?

त्यासाठी कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीची गोष्ट ऐका. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथं चढाईला येणारे तरुण रिकाम्या वेळेत वाहनतळाच्या सैल साखळ्यांवर चालत. ॲडम ग्रोसॉव्स्की आणि जेफ एलिंग्टन या दोघांनी साखळीच्या जागी चढाईची एक इंची सपाट पट्टी झाडांना बांधली. आवळायला यंत्र कुठलं? जवळ होते कॅराबिनर, म्हणजे गिर्यारोहकांच्या कड्या. पट्टी दोन्हीकडच्या कड्यांमधून फिरवायची आणि शेवटचा वेढा आधीच्या वेढ्याखालून काढायचा. ओढलं की वरचा वेढा खालच्याला दाबून धरतो. ना गाठ, ना दाते. मोकळं टोक उलट ओढलं की पट्टी सैल. ही रचना आजही एलिंग्टनच्याच नावानं ओळखतात. पुढं जुलै १९८५ मध्ये स्कॉट बालकम हा गिर्यारोहक योसेमिटीतल्याच लॉस्ट ॲरो सुळक्यापर्यंत अशाच पट्टीवरून चालत गेला, खाली आठशे मीटरहून खोल दरी! आदल्या वर्षी त्याचा प्रयत्न फसला होता.

तर श्रोतेहो, साधन घेताना ते किती आवळतं एवढंच पाहू नका, सुटतं कसं तेही पाहा.

कड्यांच्या रचनेत घर्षण बरंच जोर खातं. त्यामुळे एकट्यादुकट्याला ती बेताबाहेर आवळताच येत नाही, आणि नवशिक्यासाठी हे चांगलंच आहे. कड्या चढाईच्याच हव्यात, किल्ल्या अडकवायच्या नकोत. दुसरा पर्याय रॅचेटचा, म्हणजे दांडा मागंपुढं करून पट्टी रिळावर गुंडाळणाऱ्या दातेरी साधनाचा, ट्रकवर माल आवळतात तसा. पन्नास मिलिमीटर रुंदीची पट्टी आणि रॅचेट असा संच लहान मुलांना सोयीचा. आधी पट्टी हातानं पूर्ण ओढून घ्या, मगच दांडा चालवा. रिळावर दोन-तीन वेढे पुरे. जास्त झाले की पट्टी अडकते आणि सुटता सुटत नाही. दांडा खालच्या बाजूला ठेवा, त्याला पाइप लावून लांबी वाढवू नका.

आठ मीटरच्या पट्टीवर मधोमध साठ किलोचा माणूस उभा राहिला आणि पट्टी चाळीस सेंटिमीटर लवली, तर ताण सुमारे तीनशे किलो. तीच वीस सेंटिमीटरच लवली, तर सहाशे! झोळ निम्मा, ताण दुप्पट. लक्षात ठेवा: झोळ निम्मा, ताण दुप्पट. म्हणून पट्टी गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधा, मध्यावर उभं राहिल्यावर जमिनीला टेकणार नाही इतपतच आवळा.

खोडाला गोणपाटाची जाड घडी गुंडाळा. शेवगा, पपई नको, लाकूड ठिसूळ.

रॅचेट एका दोरीनं झाडाला वेगळा बांधून ठेवा, म्हणजे काही तुटलंच तर तो उडणार नाही. सोडताना पट्टीवर कुणी नको, मुलं लांब. बाजूला उभं राहा, खिट्टी ओढा आणि दांडा पूर्ण सपाट उघडा. ताण झटक्यात सुटतो, तेव्हा बोटं आत नकोत.