केमो सुरू आहे, घरात जोडीदार म्हणून नेमकं काय करायचं?

नमस्कार.

नवऱ्याची किंवा बायकोची केमो, म्हणजे कॅन्सरवरची केमोथेरपी, सुरू होणार म्हटलं की आजूबाजूची सगळी माणसं एकच सल्ला देतात: धीर दे. द्या ना, जरूर द्या. पण धीर देऊन ताप उतरत नाही. या काळात जोडीदाराचं पहिलं काम लक्ष ठेवण्याचं, धीराचा नंबर त्यानंतर, असं माझं सरळ मत आहे. डॉक्टर पेशंटला बघतात ते बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांतून एकदा. मधले दिवस आणि मधल्या रात्री तुमच्या वाट्याला. त्यात पेशंटला विचारलं तर उत्तर ठरलेलं, "काही नाही, बरा आहे मी."

मग लक्ष ठेवायचं कशावर? त्यासाठी केमो शरीरात करते काय, ते आधी पाहू.

केमोची बरीचशी औषधं भराभर विभागणाऱ्या पेशींना मारतात. कॅन्सरच्या पेशी तशाच. पण शरीरातल्या काही चांगल्या पेशीही भराभर विभागत असतात. केसांच्या मुळाशी, तोंडाच्या आणि आतड्याच्या आतल्या अस्तरात आणि बोन मॅरोमध्ये, म्हणजे जिथं रक्त तयार होतं तिथं. त्यांनाही फटका बसतो. केस जातात, तोंड येतं, जुलाब लागतात, काउंट म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या पडते. त्रास चार, मूळ एकच. हे डोक्यात पक्कं असलं की नवीन काही दिसलं की दरवेळी "आजार वाढला की काय" असं मनात येत नाही. डॉक्टरांना सांगायचं मात्र सगळंच.

आता सायकल, म्हणजे एका केमोपासून पुढच्या केमोपर्यंतचा काळ. केमोचा दिवस म्हणजे दिवस पहिला, तिथून मोजत जायचं. सुरुवातीचे चार-पाच दिवस मळमळ, थकवा, तोंडाला चव नाही. हे सगळ्यांना दिसतं, त्यामुळे सगळे जपतात. नंतर माणूस हळूहळू उठतो, चार घास खातो, हसतो. घरच्यांना वाटतं, सुटलो! भेटायला येणाऱ्यांची रांग लागते.

आणि गोम नेमकी इथंच आहे. बऱ्याच औषधांमध्ये रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात त्या साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान. म्हणजे माणूस चेहऱ्यावरून सुधारलेला दिसतो, तेव्हाच जंतूंशी लढायची त्याची ताकद सगळ्यात कमी असते. तुमच्या औषधांचे हे दिवस कोणते, ते डॉक्टरांना विचारून कॅलेंडरवर लाल रेघ मारून ठेवा. त्या दिवसांत सर्दी-खोकला असलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवायचं. वाईटपणा तुम्ही घ्या, पेशंटवर सोपवू नका. आपल्या माणसाला "येऊ नको" म्हणणं त्याला जमत नाही.

आता या व्हिडिओतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट.

[स्क्रीनवर: ३८ अंश सेल्सिअस = १००.४ अंश फॅरनहाइट]

केमो चालू असताना ताप इथपर्यंत गेला तर ती इमर्जन्सी आहे. तुमच्या डॉक्टरांनी याहून कमी आकडा दिला असेल तर तो पाळा. रात्रीचे तीन वाजले असोत, "सकाळी बघू" म्हणायचं नाही. फोन करायचा, निघायचं. पांढऱ्या पेशी कमी असताना साधं इन्फेक्शन काही तासांत अंगभर पसरू शकतं, म्हणून अँटिबायोटिक शक्यतो तासाभरात सुरू करायचा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. आणि एक कळकळीनं सांगते, आधी ताप मोजा. पॅरासिटामॉल दिली की आकडा उतरतो, इन्फेक्शन जिथल्या तिथं राहतं. ती गोळी डॉक्टरांशी बोलल्यावरच. ताप तोंडात किंवा काखेत मोजा, गुदद्वारात थर्मामीटर घालू नका, तिथली नाजूक त्वचा फाटली तर जंतूंना वाट मिळते. आणि ताप नाही, पण अंगात हुडहुडी भरली आहे किंवा माणूस असंबद्ध बोलतोय, तरी निघा. स्टेरॉइड चालू असेल तर ताप दबलेला असू शकतो.

इमर्जन्सीत पोचल्यावर पहिलं वाक्य हे: "केमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला झाला, ताप आहे." बाकी सगळं नंतर. औषधांची नावं लिहिलेला कागद तुमच्याजवळही हवा, नुसता फाईलमध्ये नको.

नावं कशाला, असं काही जण विचारतात. कारण प्रत्येक औषधाची तऱ्हा वेगळी. ऑक्सॅलिप्लॅटिन घेतलेल्या माणसानं फ्रिजमधली बाटली धरली तर बोटांना झिणझिण्या येतात, गार पाण्यानं घसा आवळल्यासारखा वाटतो. डॉक्सोरुबिसिननंतर लघवी लालसर होते. तो औषधाचा रंग असतो, पण आधी माहीत नसलं तर घरात रडारड होते. पॅक्लिटॅक्सेलनं हातापायांची बोटं बधिर होतात, शर्टाची बटणं लावायला वेळ लागायला लागतो. हे पेशंट सांगत नाही, तुम्हालाच दिसतं. सांगा डॉक्टरांना, कारण वेळेत कळलं तर डोस कमी-जास्त करता येतो.

मळमळीच्या गोळ्या घड्याळ बघून द्या. मळमळ सुरू व्हायची वाट बघत बसलात तर गोळीही उलटून पडते. काही औषधांची मळमळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर धरते, त्यामुळे पहिला दिवस चांगला गेला म्हणून गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका.

आणि स्टेरॉइडबद्दल थोडं जास्त बोलते, कारण यावरून नवरा-बायकोत खरीखुरी भांडणं होतात. केमोबरोबर बऱ्याचदा डेक्सामेथासोन देतात, मळमळीसाठी किंवा अॅलर्जी होऊ नये म्हणून. त्या दोन-तीन दिवसांत झोप उडते, माणूस रात्री दोनला कपाट आवरायला काढतो, बारीकसारीक गोष्टींवरून अंगावर येतो. गोळी थांबली की एकदम गळून जातो, कधी रडूही येतं. हे आधीच माहीत असेल तर त्या दोन दिवसांतले शब्द मनाला लावून घ्यायचे नाहीत, एवढं तरी ठरवता येतं. आणि गोळी सकाळी घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारता येतं.

खाण्यावरून होणारं भांडण दुसऱ्या नंबरचं. आपण प्रेमानं करतो, समोरचा ताट सरकवतो. अहो, त्याच्या तोंडात धातूची चव आहे, वासानं पोटात ढवळतंय. गरम अन्नाला वास जास्त येतो, म्हणून कोमट किंवा गार अन्न कधीकधी जातं. थोडं थोडं, दिवसातून बऱ्याच वेळा. आग्रह करण्यापेक्षा आठवड्याला वजन बघा. वजन उतरत असेल, पाणी पोटात टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल, तर फोन. आणि कुणी आणून दिलेले काढे, पावडरी, चूर्णं डॉक्टरांना दाखवल्याशिवाय द्यायची नाहीत. काही वनस्पती केमोच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वर-खाली करतात.

केमोनंतर साधारण ४८ तास लघवी, शी, उलटी यांतून औषध बाहेर पडत असतं. साफ करताना हातमोजे घाला, टॉयलेटचं झाकण लावून दोनदा फ्लश करा, खराब झालेले कपडे वेगळे धुवा. पण मिठी मारायला, हात धरायला, एका अंथरुणात झोपायला काही हरकत नाही. घाबरून वेगळ्या खोलीत झोपणारी जोडपी असतात, आणि त्याचा पेशंटच्या मनावर काय परिणाम होतो ते सांगायला नको. शरीरसंबंधांबद्दल डॉक्टरांना बिनदिक्कत विचारा. कंडोम लागतो, उपचार चालू असताना गर्भ राहता कामा नये. आणि पुढे मूल हवं असेल, तर तो विषय पहिल्या डोसच्या आधीच काढायचा.

आता हॉस्पिटलमधला मुक्काम. इथं एक वही हवी. ताप किती, लघवी किती, कुठलं औषध कधी दिलं, डॉक्टर काय म्हणाले. राउंडची वेळ सिस्टरना विचारून ठेवा आणि त्या वेळी तिथं हजर राहा. डॉक्टर दोन-चार मिनिटं थांबतात, तेव्हा प्रश्न लिहिलेलेच हवेत, महत्त्वाचा सगळ्यात वर. सलाईनच्या सुईपाशी आग होतेय, सूज आली, असं पेशंट म्हणाला तर त्याच क्षणी सिस्टरना बोलवा. काही औषधं शिरेबाहेर गेली तर आसपासचं मांस जळतं. खोलीत येणाऱ्या प्रत्येकानं हात धुवायचे, डॉक्टरांनीही. "सर, हात धुतले का?" हे विचारायला जीभ जड होते, पण विचारा.

आणि रोज रात्री तुम्हीच थांबायचं नाही. पाळी लावा. सलग जागरणं झालेला माणूस औषधाची वेळ चुकवतो. नातेवाइकांना खबर देण्याचं काम भावाला, बहिणीला, मित्राला, कुणालाही देऊन टाका, नाहीतर त्याच त्याच फोनवर तुमची संध्याकाळ संपते. काय सांगायचं आणि काय नाही, हे मात्र पेशंट ठरवणार. रिपोर्ट त्याचा आहे.

एवढं सगळं लक्ष ठेवताना एक गोष्ट नकळत होते. तुम्ही सिस्टर होऊन बसता. बोलणं म्हणजे "गोळी घेतलीस? पाणी प्यायलास? शी झाली?" म्हणून दिवसातला एखादा तास असा ठेवा की आजाराचं नाव निघणार नाही. पत्ते खेळा, भांडण उकरून काढा, शेजाऱ्यांच्या चुगल्या करा, काहीही चालेल. आणि "तू किती शूर आहेस" हे जरा जपून म्हणा. रोज शूर म्हटलं की त्या माणसाला रडायची सोय राहत नाही.

मदतीला येणाऱ्यांना एक आधीच सांगून ठेवा. शेवटचा डोस झाला की सगळ्यांना वाटतं, संपलं, आणि येणं बंद होतं. पण थकवा पुढे कित्येक महिने राहू शकतो, बधिरपणा त्याहून जास्त, आणि पहिल्या स्कॅनच्या आधीची झोप तर गेलेलीच असते. तेव्हा कॅलेंडरवर मदतीच्या पाळ्या लिहिताना शेवटच्या डोसनंतरचे दोन महिनेही त्यात धरा, आणि त्यातल्या थोड्या पाळ्या तुमच्या झोपेसाठी राखून ठेवा.