मॅचचा प्रोग्राम: छापणारे, विकणारे आणि आपण

नमस्कार. मागं ऐकू येतंय ना? मागच्या वर्षी याच व्याख्यानमालेत मधुमेहावर भाषण होतं, तेव्हा हॉल खच्चून भरला होता. आज फुटबॉलच्या मैदानावर विकल्या जाणाऱ्या एका कागदावर बोलायचंय, तरी एवढी माणसं आलीत. म्हणजे एक तर कोल्हापूर अजून ठीक आहे, किंवा तुमची साखर कमी झाली. (हशा)

निमंत्रणात विषय छापलाय: 'शाहू स्टेडियमवर मॅचचा प्रोग्राम का विकावा आणि त्याचा हिशोब कसा बसतो'. प्रोग्राम म्हणजे मॅचच्या दिवशी मैदानावर विकायची, दोन्ही संघांची माहिती असलेली छापील पुस्तिका. हिशोबाकडे येतोच. पण मी छापखान्यातला माणूस, मला सुरुवात छापखान्यातूनच करावी लागते.

वडिलांच्या काळी आमच्याकडे पायानं चालवायचं ट्रेडल होतं. खिळे जुळवून छपाई. लग्नपत्रिका, जत्रेच्या पत्रिका आणि कुस्तीची हँडबिलं. खासबागेत किंवा कुठल्या गावच्या मैदानात कुस्त्या असल्या की हँडबिल निघायचं: एका बाजूला एक पैलवान, दुसऱ्या बाजूला दुसरा, मध्ये 'विरुद्ध', खाली इनाम. एकदा आमच्या जुळाऱ्यानं दोन जोड्यांमधली नावं उलटसुलट केली. प्रूफ वडिलांनी वाचलं की मी वाचलं, यावर आमच्या घरात पुढं वीस वर्षं वाद होता. दुसऱ्या दिवशी त्यातला एक पैलवान छापखान्यात आला. आमचं दार अडीच फुटी, तो तिरका होऊन आत आला. वडील म्हणाले, "बसा." तो म्हणाला, "बसत नाही. ज्याच्याशी माझी जोड नाही त्याच्याशी माझं नाव लावलंय तुम्ही, त्याचं सांगा." तोवर हँडबिल तीस गावांत वाटून झालं होतं. शेवटी मैदान भरवणाऱ्यांनी काय केलं? लोक छापलेलं वाचून येणार, म्हणून कुस्ती छापल्याप्रमाणेच लावली! तो पैलवान जिंकला आणि दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आला. पुन्हा तिरका होऊन.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक किडा आहे. आधी छापलेला कागद आणि नंतर छापलेला कागद यांची जात वेगळी. बातमी निकालानंतर छापतात, पत्रिका मुहूर्ताच्या आधी. पत्रिकेला माहीत नसतं की वरात पावसात अडकणार आहे. मॅचचा प्रोग्राम या पत्रिकेच्या जातीचा. आजचं सगळं भाषण या एका किड्यावर आहे, बाकी मसाला.

तुम्हाला सिनेमाची गाण्यांची पुस्तकं आठवतात का? थिएटरबाहेर मिळायची. त्याआधी संगीत नाटकांच्या पदांची पुस्तकं. म्हणजे खेळ बघायला जाताना हातात काहीतरी छापील घ्यायची सवय आपल्यालाही होती. फुटबॉलमध्ये ती इंग्लंडात जशी रुजली तशी दुसरीकडं क्वचितच. १८८२ साली लंडनच्या केनिंग्टन ओव्हल मैदानावर एफए कपची, म्हणजे इंग्लंडातल्या जुन्या बाद स्पर्धेची, फायनल झाली, ओल्ड इटोनियन्सनी ब्लॅकबर्न रोव्हर्सना १-० हरवलं. त्या सामन्याचा कागद २०१३ मध्ये लंडनच्या लिलावात ३५,२५० पौंडांना गेला. एक कागद! आमच्या छापखान्याची अख्खी मशिनरी विकली तरी एवढे आले नसते.

माझी मुलगी इंग्लंडात राहते. सात-आठ वर्षांपूर्वी मी तिकडं गेलो तेव्हा नातवाला सांगितलं, मला राजवाडा दाखवू नको, खालच्या लीगमधली एखादी मॅच दाखव आणि प्रोग्राम घेऊन दे. शनिवारी दुपारी तीनची मॅच. आम्ही अडीचला पोहोचलो. गेटजवळ टपरीएवढी लाकडी खोली, वर 'प्रोग्राम्स' अशी पाटी आणि खिडकीत खडूनं लिहिलेलं: संपले.

अडीच वाजता संपले! आतल्या पोराला विचारलं तर म्हणतो, मागच्या वेळी फार उरले म्हणून या खेपेला कमी छापले. बरोबर आहे, छापखानेवाला म्हणून मला पटलं. गिऱ्हाईक म्हणून पटलं नाही. खिडकीच्या काचेला टाचणीनं एक प्रत लावलेली होती. मी म्हटलं, ती द्या. तो म्हणाला, ती नमुन्याची आहे. मी म्हटलं, सगळ्या संपल्या तर नमुना कशाचा? (हशा) दहा पौंड देतो म्हटलं. पोरगं हललं नाही. फोनवर डाऊनलोड करा म्हणाला आणि खिडकी ओढून घेतली.

आत जाऊन बसलो. शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ, त्यांच्या मांडीवर दोन प्रती. एक वाचायला, एक ठेवायला. जातिवंत संग्राहक असाच घेतो. मी आशेनं बघितलं. त्यांनी वाचायची प्रत माझ्या हातात दिली, पण कडांना धरायला सांगून. मध्यंतरात परत मागून घेतली. त्यांनीच मला एक नवीन शब्द शिकवला: ग्राउंडहॉपर. म्हणजे नवीन नवीन मैदानं पालथी घालणारी माणसं. त्यातल्या काहींचा नियम असा की प्रोग्राम मिळाला नाही तर ते मैदान मोजायचंच नाही. तीनशे मैल गाडी हाणत जायचं, मॅच बघायची आणि प्रोग्राम नाही म्हणून हिशोबात धरायचं नाही! अष्टविनायकाला जाऊन एका ठिकाणी प्रसाद मिळाला नाही म्हणून 'सातच झाले' म्हणण्यासारखं. मला हसू आलं आणि मग लक्षात आलं, त्यांच्या नियमानं माझंही मैदान धरलं जाणार नव्हतं. रात्री नातवानं फोन दाखवला, "आबा, हे बघा." तोच प्रोग्राम, तिप्पट किमतीला विकायला. बहुतेक त्या टाचणीवाल्या पोरानंच. नाही, हे माझं मत आहे, पुरावा काही नाही.

तर लोक हा कागद घेतात कशासाठी? पूर्वी त्याला रोकडं कारण होतं. इतर ठिकाणच्या मॅचचे मध्यंतराचे गोल मैदानावरच्या फळ्यावर लावायचे. पण फळ्यावर क्लबांची नावं नसायची, नुसती अक्षरं: ए, बी, सी. ए म्हणजे कुठली मॅच, हे फक्त प्रोग्राममध्ये छापलेलं. ज्याच्याकडं प्रोग्राम नाही त्याला 'ए: १-०' बघून काय कळणार? आकडा दिसतोय, पण कशाचा ते कळत नाही. कोल्हापुरात आकड्यांचं मी जास्त समजावून सांगत नाही. (हशा) इंग्रज माणूस विक्रीत किती पक्का, ते बघा. दुसरं म्हणजे कूपन. काही क्लब प्रोग्रामच्या एका कोपऱ्यात कूपन छापायचे. कापायचं, एका तक्त्यावर चिकटवायचं. क्लब कपच्या फायनलला गेला आणि तिकिटं कमी पडली की ज्याच्या तक्त्यावर कूपनं जास्त त्याला आधी तिकीट. म्हणून आज जुना प्रोग्राम विकताना 'कूपन कापलेलं' असेल तर किंमत उतरते. ज्यानं कापलं त्याला फायनलचं तिकीट मिळालं असेल, ते सुख बाजारात धरत नाहीत.

आणि लिव्हरपूलची गंमत. एव्हर्टन आणि लिव्हरपूल, एकाच शहरातले दोन क्लब, मध्ये एक बाग, दोन्ही मैदानं चालत जाण्याच्या अंतरावर. १९०४ ते १९३५ या दोघांचा प्रोग्राम एकच होता! एकाची मोठी मॅच घरच्या मैदानावर असली की दुसऱ्याच्या राखीव संघाची मॅच त्याच्या मैदानावर, दोन्ही एकाच पुस्तिकेत. आता कल्पना करा, आपल्या कोल्हापूरचे दोन कट्टर संघ, पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ, यांचा एकच प्रोग्राम. आधी कुणाचं नाव छापायचं यावरच आमचा छापखाना बंद पडेल.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं. पण हे मी सोडणार नाही.

६ फेब्रुवारी १९५८. मँचेस्टर युनायटेडचा संघ बेलग्रेडहून परत येताना म्युनिकला विमान उडता उडता कोसळलं. २३ माणसं गेली, त्यात आठ खेळाडू. दोन दिवसांनी, ८ तारखेला, ओल्ड ट्रॅफर्ड या त्यांच्या घरच्या मैदानावर वुल्व्ह्ज क्लबशी मॅच होती आणि तिचा प्रोग्राम छापून तयार होता. मॅच झाली नाही, बहुतेक गठ्ठा नष्ट केला, थोड्या प्रती कुठं कुठं राहिल्या. जी मॅच झालीच नाही तिचा प्रोग्राम. आमच्या धंद्यात मोडलेल्या लग्नाची पत्रिका कुणी ठेवत नाही, पण ही ठेवली गेली.

त्यानंतरची मॅच १९ फेब्रुवारीला, शेफील्ड वेन्सडेशी, एफए कपची. प्रोग्राम तर काढायचाच. मुखपृष्ठावर क्लबचे अध्यक्ष हार्डमन यांचा मजकूर, 'युनायटेड पुढे चालू राहील' अशा मथळ्याचा. आत संघ छापायची वेळ आली तेव्हा संघच नव्हता. त्यांनी शेफील्डची अकरा नावं छापली आणि युनायटेडच्या बाजूला अकरा जागा कोऱ्या सोडल्या. लाऊडस्पीकरवर नाव सांगतील तसं लोकांनी लिहून घ्यायचं. स्टॅन क्राउथर नावाचा खेळाडू तर मॅचच्या तासभर आधी ॲस्टन व्हिलाकडून सही होऊन आला. विमानातून वाचलेले दोघे, गोलकीपर हॅरी ग्रेग आणि बिल फोक्स, मैदानात उतरले. युनायटेडचाच खेळाडू डंकन एडवर्ड्स त्या दिवशी म्युनिकच्या दवाखान्यात जिवंत होता, २१ तारखेला गेला. मॅच युनायटेडनं ३-० जिंकली.

मी त्या पानाचा फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा मला ते पान जुळवणारा तिथला जुळारी दिसला. तुम्हाला वाटेल, कोरी जागा सोडणं सोपं. खिळ्यांच्या छपाईत कोरी जागा फुकट येत नाही. तिथंही शिसंच भरावं लागतं, फक्त खिळ्यापेक्षा बुटकं, म्हणजे त्याला शाई लागत नाही. त्या माणसानं गोलकीपरपासून डाव्या विंगपर्यंत अकरा ठिकाणी बुटकं शिसं बसवलं असेल, ठोकून घट्ट केलं असेल आणि चौकट आवळली असेल. दोन आठवड्यांपूर्वी तिथं कुठली नावं होती हे त्याच्या बोटांना पाठ असणार.

आज त्या प्रोग्रामच्या काही प्रती कोऱ्या मिळतात, काहींत पेन्सिलनं नावं भरलेली. एरवी बाजारात पेन्सिल लावलेल्या प्रोग्रामची किंमत कमी. 'संघबदल लिहिलेले' अशी चक्क टीप टाकून विकतात. मला विचाराल तर मी लिहिलेलीच घेईन. थंडीत हातमोजा काढून कुणीतरी 'क्राउथर' लिहिलंय, स्पेलिंग चुकलं असेल तर अजून चांगलं.

पाच मिनिटं म्हणताहेत. हिशोब राहिलाच की. पळवतो.

जून २०१८ मध्ये इंग्लिश फुटबॉल लीगच्या, म्हणजे प्रीमियर लीगच्या खालच्या तीन विभागांतल्या, क्लबांनी मतदान करून प्रोग्राम छापायची सक्ती काढून टाकली. आधी ७२ क्लबांना तो काढावाच लागायचा. कारण उघड आहे: संघ फोनवर कळतो, इतर मॅचचे गोल फोनवर कळतात, अक्षरांचा फळा गेला. वरच्या क्लबांत तो अजून खपतो, खालच्यांची ओढाताण होते. आणि सगळा घोळ एकाच प्रश्नाचा: किती छापायचे? शनिवारच्या मॅचचा मजकूर दोन-तीन दिवस आधी बंद करावा लागतो, तेव्हा पाऊस माहीत नाही, गर्दी माहीत नाही. कमी छापले तर माझ्यासारखा म्हातारा खिडकीपाशी भांडतो, जास्त छापले तर रद्दी.

आता शाहू स्टेडियम. प्रत्येक मॅचचा प्रोग्राम काढू नका, तिथंच इंग्लंडवाले अडकले. फक्त सेमी आणि फायनल. सोळा पानं, एक फर्मा म्हणजे एकाच मोठ्या कागदाची घडी, आतली पानं एकरंगी. खर्चाचा मोठा भाग पहिल्या प्रतीतच जातो, प्लेट आणि मशीन लावणं. पुढची प्रत नुसत्या कागदाची. मिसळ, चप्पल, सराफ यांच्या जाहिरातींत छपाई निघते. विक्री कॉलेजच्या पोरांकडं, प्रतीमागं कमिशन. आत काय? दोन्ही संघांचे नोंदवलेले सगळे खेळाडू, पूर्ण नाव, जागा, पेठ. परदेशातून आलेल्या पोरांची नावं त्यांना विचारून, नीट. आणि समोर अकरा रेघा कोऱ्या, लोकांना भरायला. पेपरात गोल मारणाऱ्याचं नाव येतं, पण बदली म्हणून शेवटची आठ मिनिटं खेळलेल्या पोराचं येत नाही. आपण कट्ट्यावर बसून 'त्या फायनलला गोली कोण होता' यावर रात्र काढतो, कारण दाखवायला कुणाकडं कागद नाही. माझ्या संग्रहात इंग्लंडचे दोनशे आहेत, शाहू स्टेडियमचा एकही नाही.

प्रश्न येणार, 'कोण घेणार?' मला माहीत नाही. पण फुकट वाटू नका एवढंच सांगतो. फुकट वाटलेल्या कागदावर लोक बसतात. निदान दहा रुपये लावा, म्हणजे घडी करून खिशात जाईल.

झालं, उठतोच. एक राहिलं: आजच्या भाषणाचा प्रोग्राम मी छापून आणलाय. चार पानं, पन्नास प्रती, बाहेर चपलांच्या रॅकशेजारी नातू बसलाय. त्यात आजचे सात मुद्दे छापलेत. त्यातले तीन झाले. पैलवानाची गोष्ट त्यात नाही, पेन्सिल ठेवलीय तिथं. दहा रुपये, सुट्टे द्या. टाचणीला लावलेली प्रतही विकायची आहे.